कोकोपीटची ५ किलोची वीट आणि ग्रो बॅगा : कोकणात अकरा महिने वापरल्यावर

नोव्हेंबर ते सप्टेंबर, म्हणजे कोरडा हंगाम आणि अख्खा पावसाळा धरून, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या गच्चीवरचा हा वापर आहे. वस्तू दोन: कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या दाबलेल्या भुशाच्या, ५ किलोच्या विटा, आणि झाडं लावायच्या ग्रो बॅगा, विणलेल्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या, २४० जीएसएम (चौरस मीटरला २४० ग्रॅम) जाडीच्या, १२ बाय १२ व १५ बाय १५ इंची. मत आधीच सांगतो. मेपर्यंत कोकोपीटसारखं सोयीचं दुसरं काही नाही. मिरग लागला की तेच कोकोपीट मुळं कुजवतं. वेष्टणावर छापलेलं निम्मं कोकोपीट, निम्मं बाकीचं हे प्रमाण कोरड्या मुलखात चालेल, कोकणात ते वापरू नका.

वीट २०-२५ लिटर पाण्यात टाकली की साधारण ६५-७० लिटर भुसा सुटतो. तो लगेच भरायचा नाही. नारळाची सोडणं बऱ्याच ठिकाणी खाडीच्या पाण्यात कुजत घालतात, त्यामुळे भुशात मीठ उतरतं. ते राहिलं तर पानांच्या कडा करपतात, रोप खुरटतं. भुसा गोणत्यात भरून तीन पाण्यांनी धुवा. वॉटर प्युरिफायरसाठी मिळतो तो टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर निथळलेलं पाणी तपासा; नळाच्या पाण्यापेक्षा आकडा २५० हून जास्त असेल तर आणखी एकदा धुवा. धुतल्यावरही कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवतं आणि टोमॅटोच्या फळांची बुडं काळी पडतात. त्यासाठी एका विटेच्या भुशाला १५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून रात्रभर मुरवा, सकाळी निथळा. अंड्याच्या टरफलांवर विसंबू नका, ती फार सावकाश विरघळतात.

ऑक्टोबर ते मे या काळासाठी एक भाग कोकोपीट, एक भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि १५ इंची बॅगेला १०० ग्रॅम करंज किंवा कडुनिंबाची पेंड. या मापाने एका विटेत १५ इंची पाच बॅगा भरतात. शेणखत चाळूनच घ्या, कच्च्या खतातून हुमणी येते. या हंगामात एक फसगत होते: वरचा थर वाळलेला दिसतो आणि खाली ओल असते. दोन इंच बोट घालून बघितल्याशिवाय पाणी देऊ नका.

पावसाळ्याचं गणित वेगळं. मेअखेरीस मिश्रण बदला: एक भाग कोकोपीट, दोन भाग माती, एक भाग खत, आणि एक भाग जांभ्या दगडाच्या (लाल चिऱ्याच्या) तूरडाळीएवढ्या खपल्या. चिरेखाणीवर त्या मिळतात, पण त्यातली पूड चाळून टाका, नाहीतर ती चिखल होऊन बसते. वाळू घालायची तर नदीची, पुळणीवरची, म्हणजे समुद्रकाठची, नाही. खपल्या सगळ्या मिश्रणात कालवायच्या. तळाला खडीचा थर देण्याची सवय इथे सोडाच. पाणी खडीत उतरण्याआधी वरच्या बारीक भुशात अडून राहतं, आणि मुळं नेमकी तिथेच असतात.

बॅगांना येतात ती भोकं अपुरी आहेत. सपाट स्लॅबवर ठेवल्या की तळाची भोकं बंदच होतात. तापवलेल्या सळईने बाजूला, तळापासून इंचभर वर, आठ-दहा भोकं पाडा. सुरीने कापलं तर विणीचे धागे सुटत जातात. बॅग चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर ठेवा. कापड अकरा महिन्यांत विरलं नाही, पण हँडलची शिवण आधी गेली. ओली बॅग ३० किलोंच्या पुढे जाते, ती हँडलला धरून उचलूच नका.

झाडांची निवड इथे फार महत्त्वाची. मिरचीला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण कीर्ती’, वालात झुडपी ‘कोकण भूषण’, आणि मांडव असेल तर ‘कोकण तारा’ कारलं. अबोली आणि जास्वंद १५ इंचीत चांगली वाढतात. जास्वंदीला पिठ्या ढेकूण आला तर मुंग्यांची वाट आधी तोडा, मग लिटरला ५ मिलि साबणद्रावण पानांच्या खालून मारा. सदाफुली खारा वारा सोसते, सततची ओल सोसत नाही. तिला जुलैत पागोळीच्या आत घ्या. टोमॅटो जूनमध्ये लावू नका.

टोमॅटो-वांग्याचं हिरवंगार झाड एकाएकी माना टाकतं, तेव्हा लोक आणखी पाणी घालतात. आधी बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. दुधी धागे सुटले तर तो जिवाणूजन्य मर रोग. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट जाळा आणि ते मिश्रण टोमॅटो, वांगी, मिरचीला पुन्हा वापरू नका. दोडका किंवा वालासाठी वेगळं ठेवा.

पावसात मिश्रण तीन-चार इंच बसलं आणि वर चिलटं झाली. चाळलेल्या खपल्यांचा इंचभर थर आणि पिवळे चिकट सापळे, एवढ्यावर ती आटोक्यात आली. विटा पुन्हा घेऊ, बॅगा मात्र १५ इंचाखालच्या नाही: १२ इंचीत मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी द्यावं लागलं. ज्या बॅगेत मर नव्हता तिचं मिश्रण ऑक्टोबरच्या उन्हात ताडपत्रीवर आठ दिवस पसरून, चौथा हिस्सा नवीन खत घालून पुन्हा भरता येतं.