तपासणीचं इंजेक्शन, इलाजाच्या भावाने

कंबरदुखीवर ‘मणक्यात इंजेक्शन, ऑपरेशनशिवाय कायमची सुटका’ असं पॅकेज कुणी पुढे केलं, तर पैसे भरण्याआधी माझ्या ताईचं काय झालं ते वाचा.

ताईची कंबर बऱ्याच वर्षांपासून दुखते. एमआरआयमध्ये मणक्यांचे मागचे सांधे, म्हणजे फॅसेट जॉइंट, झिजल्याचं आलं. एका खासगी क्लिनिकच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवून ‘दुखणं इथलंच’ असं सांगून टाकलं. उताराच्या वयात अशी झीज कंबर न दुखणाऱ्यांच्याही एमआरआयमध्ये दिसते, नुसत्या तिच्यावरून दुखण्याचं मूळ ठरत नाही, हे तिथे कुणी बोललं नाही.

या सांध्यांची वेदना बारीक नसांमधून वर जाते. त्या नसांपाशी थोडं भुलीचं औषध सोडायचं, हा झाला नर्व्ह ब्लॉक. तो इलाज नाही, तपासणी आहे. दुखणं त्याच सांध्याचं असेल तर औषधाचा अंमल असेतोवर, म्हणजे काही तास, ते बरंचसं थांबतं आणि मग परत येतं. परत येणारच. कमरेच्या एका सांध्याला सहसा दोन नसा येतात. सी-आर्मवर, म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, सुई बघत प्रत्येकीपाशी जेमतेम अर्धा मिली औषध सोडायचं असतं. जास्त सोडलं तर ते आजूबाजूला पसरतं आणि कशामुळे बरं वाटलं तेच कळत नाही.

ताईला मात्र आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, भुलीच्या औषधात स्टिरॉइड मिसळलं. ती अर्धवट जागी असतानाच सिस्टरने विचारलं, “मावशी, आता बरं वाटतंय ना?” ताई ‘हो’ म्हणाली. झालं, केसपेपरवर ‘९० टक्के आराम’! तिला उठवून चालवलं नाही, वाकायला सांगितलं नाही. गुंगीत पडलेल्या माणसाला बरंच वाटणार! बिलात हे सगळं ‘उपचार’ म्हणून लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंबर जशीच्या तशी. फोन केला तर उत्तर आलं, “म्हणजे नस सापडली. आता रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे सुईच्या टोकाला उष्णता देऊन, ती जाळून टाकू, पुन्हा दुखणार नाही.” आजच अॅडव्हान्स भरलात तर सवलत. जाळलेली नस पुन्हा वाढते. योग्य रुग्णाला याने सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून जास्त आराम पडतो, पण ‘कायमचा’ नाही. मला सगळ्यात जास्त चीड याची येते, की तपासणी अशीच केली होती की उत्तर ‘हो’च यावं. नीट केलेला एक ब्लॉकसुद्धा कमरेत साधारण २५ ते ४० टक्के वेळा खोटा ‘हो’ देतो. म्हणून काळजी घेणारे डॉक्टर वेगळ्या दिवशी तो पुन्हा करून बघतात.

ताईला मग सरकारी मेडिकल कॉलेजात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी तिला तपासलं. पाय खुब्यातून आत वळवताच ती कळवळली. तरी त्यांनी ब्लॉक केला, गुंगी न देता. नंतर तिला चालायला, वाकायला लावलं आणि दर तासाला दुखणं दहापैकी किती ते लिहायला कागद दिला. आकडा हललाच नाही. दुखणं खुब्याच्या सांध्याचं होतं. पहिल्या ठिकाणी ऐकलं असतं तर तिच्या चांगल्या नसा जाळल्या गेल्या असत्या.

क्लिनिककडे आम्ही फाइल मागितली. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. हे लेखी कळवल्यावरच ते हलले. फाइलमध्ये सुई कुठे होती याचा एकही सी-आर्म फोटो नव्हता. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. त्याची मुदत दोन वर्षं असते आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळा अर्ज दिला आहे. तुमच्या घरी कुणाला असा ब्लॉक सुचवला असेल, तर गुंगी देणार का, औषध किती आणि कोणतं, सुईचे फोटो मिळतील का आणि पुढचे काही तास दुखण्याची नोंद कोण ठेवणार, एवढं आधीच विचारा. उत्तरं केसपेपरवर लिहून घ्या.