मरणाच्या दारातून परत आलेल्यांच्या आठवणींवरचं शिबिर, गंगापूर रोड : मध्यंतरापर्यंत पैसे वसूल

साडेतीन स्टार. अर्धा कापला गार पोह्यांचा आणि एक अख्खा दुसऱ्या सत्राचा. आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते वाचून उगाच फोन यायचे. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये होतं, रविवारी सकाळी, फी माणशी ६०० आणि सिनियर सिटिझनला ४००, त्यात नाश्ता, दोनदा चहा आणि एक फाइल. टू-व्हीलरला जागा आहे, कारवाल्यांनी आतल्या गल्लीत लावा आणि देवाचं नाव घ्या. वेळ नऊची दिलेली पण दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग ज्यांचा सत्कार तेच अजून यायचेत, असं करत पावणेदहा झाले.

मी आप्पांना घेऊन गेले होते. खरं तर त्यांच्यासाठीच गेले. आप्पा ओझरला एचएएलमधून (विमानांचा कारखाना) रिटायर झालेत, २०२२ च्या पावसाळ्यात त्यांना अ‍ॅटॅक आला आणि कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या हार्ट बंद पडलं, सीपीआर (छाती दाबून हार्ट चालू करणं), दोन शॉक, मग परत आले. आणि परत आल्यापासून एक गोष्ट सांगतात, की लांब पॅसेज होता, दुखणं एकदम थांबलं, पुढे काउंटरवर एक माणूस बसलेला, कानामागे पेन, पुढ्यात जाड रजिस्टर, आणि तो पानं उलटून कुणाला तरी ओरडला, "अरे हा पंचवटीचा आणलास, सातपूरचा पाहिजे होता!" आमच्या घरात यावर किती हसणं झालंय विचारू नका, पण आप्पा हसत नाहीत. त्यांच्यासाठी ते घडलंय.

पहिलं सत्र मेंदूच्या डॉक्टरांचं होतं आणि ते भारी झालं. मराठीत बोलले, शुद्ध वगैरे नाही, आपल्यासारखं. सुरुवातच यमदूतांपासून केली. म्हणाले १९८६ साली सतवंत पसरीचा आणि इयन स्टीव्हन्सन या संशोधकांनी उत्तर भारतातल्या १६ लोकांचे असे अनुभव छापले, त्यात बोगदा आणि वरून स्वतःचं शरीर दिसणं असलं परदेशी लोक सांगतात ते जवळपास नाहीच, आपल्याकडचे लोक सांगतात की दूत घेऊन गेले, तिथे वहीवाला होता, आणि माणूस चुकीचा आणलाय म्हणून परत पाठवलं. हॉलमध्ये हशा पिकला आणि आप्पांनी माझा दंड असा धरला की नखं रुतली. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं हे फक्त त्यांच्याच बाबतीत झालंय. डॉक्टरांचं म्हणणं असं की अनुभवाचा सांगाडा मेंदू बनवतो आणि त्यावर कपडे घरातले चढवतो. मला लगेच वाटलं, ज्या माणसाने ३४ वर्षं टाइम ऑफिसच्या रजिस्टरवर सही केली त्याचा चित्रगुप्त कानामागे पेन खोचणारच ना.

बोगद्याचं पण सांगितलं. फायटर विमानाच्या पायलटांना गरागरा फिरवणाऱ्या मशीनमध्ये बसवतात तेव्हा डोक्याकडचं रक्त कमी पडतं, आणि डोळ्याच्या पडद्याच्या कडा आधी बंद पडतात, मध्यभाग शेवटी, म्हणून आधी बोगदा दिसतो आणि मग शुद्ध जाते, कुणाकुणाला तेवढ्यात छोटी स्वप्नंही पडतात. इथे आप्पा ताठ बसले, ओझरचा माणूस आहे, शेजारच्या काकांना पंधरा मिनिटं जी-फोर्स समजावत होते, मला दोन स्लाइड ऐकूच आल्या नाहीत. वरून स्वतःला पाहण्याबद्दल जिनिव्हातल्या २००२ च्या एका पेशंटचं सांगितलं, फिट्सच्या तपासणीसाठी उजव्या कानाच्या वर-मागच्या भागात बारीक करंट दिला की ती म्हणायची मी वरून मला पलंगावर बघतेय. करंट बंद, बघणं बंद.

पण खरा माल आठवणींवरच्या भागात होता आणि त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितेय. बेल्जियममध्ये लिएज शहरातल्या संशोधकांनी २०१३ साली कोमातून परतलेल्यांना त्यांचा अनुभव, आयुष्यातली एखादी खरी मोठी घटना आणि एखादी कल्पनेतली घटना, अशा तिन्ही आठवणींवर प्रश्न विचारले. अपेक्षा काय, की असा अनुभव कल्पनेच्या जवळ जाईल. झालं उलटं, तो खऱ्या घटनेपेक्षाही जास्त स्पष्ट, जास्त डिटेलवार निघाला. ग्रुप छोटासा होता, असा अनुभव आलेले फक्त ८ जण, हेही डॉक्टरांनी आपणहून सांगितलं. त्यांनी एक वाक्य टाकलं ते मी फाइलवर लिहून घेतलं, "खरंच पाहिलेलं असतं, पण खरंच घडलेलं असतं असं नाही." म्हणजे माणूस थापा मारत नाही. मेंदूने त्याला ते दाखवलं आणि भीती, सुटका सगळं एकदम आल्यामुळे पक्कं कोरून ठेवलं.

मग ब्रूस ग्रेसन या अमेरिकन मानसोपचार डॉक्टरांचं काम. यांनीच १९८३ साली १६ प्रश्नांची मोजपट्टी केली, ३२ पैकी ७ किंवा जास्त आले तर असा अनुभव धरायचा. फाइलमध्ये तो तक्ता होता, आप्पांनी तिथेच भरला, १४ आले. जुनं आयुष्य डोळ्यासमोरून गेलं का, याला शून्य, म्हणे "वेळच कुठे दिला". ग्रेसननी ७२ जणांना जवळपास वीस वर्षांनी तोच तक्ता परत भरायला दिला, तर गोष्ट फुगलेली नव्हती.

हे मला पटेना. सांगून सांगून गोष्ट वाढतेच, आमच्या घरात तर नक्कीच. म्हणून घरी येऊन मी भावाने तेव्हा पाचव्या दिवशी वॉर्डात रेकॉर्ड केलेला व्हॉइस मेसेज शोधला, फॅमिली ग्रुपवर खाली खाली जाऊन, चार मिनिटांचा आहे, मागे मॉनिटरची टिकटिक. पॅसेज, काउंटर, कानामागचं पेन, सातपूर, सगळं शब्दाला शब्द तेच! बदललंय ते दुसरंच. आज आप्पा सांगतात की अ‍ॅम्ब्युलन्स नाशिकातच द्वारका सर्कलला ट्रॅफिकमध्ये अडकली आणि मी त्यांचा हात धरून बसले होते. मी तेव्हा पुण्यात जॉबला होते, रात्री साडेअकराला पोचले. आणि अ‍ॅम्ब्युलन्स नव्हतीच, शेजारच्यांच्या वॅगनारमधून नेलं. मेसेजमध्ये ते स्वतः वॅगनार म्हणतायत. घडलेलं वाहून गेलं, काउंटरवाला जागेवर बसून आहे. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण मी तो मेसेज तीनदा ऐकला.

आता दुसरं सत्र. मध्यंतरात पोहे (थंडगार, शेव वेगळी मागावी लागते) आणि मग एक "अनुभव मार्गदर्शक" आले. पांढरा झब्बा, मंद म्युझिक. यांचा मुद्दा एकच, मेंदू बंद होता तरी आठवण राहिली म्हणजे आठवण मेंदूत नसतेच. अरे पण तासाभरापूर्वी त्याच माइकवर डॉक्टर सांगून गेले होते! सॅम पार्निया या डॉक्टरांच्या २०१४ च्या अभ्यासात २०६० कार्डिअ‍ॅक अरेस्ट होते, मुलाखत देण्याइतके १४० लोक मिळाले, छताजवळ शेल्फ लावून वर चित्रं ठेवली होती की कुणी वरून बघतं का, ती कुणाच्या सांगण्यात आली नाहीत. (बहुतेक अरेस्ट शेल्फ नसलेल्या खोल्यांत झाले, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही.) २०२३ च्या पुढच्या अभ्यासात सीपीआर चालू असताना ईईजी (मेंदूतल्या लहरींचा आलेख) घेतला तर काहींच्या मेंदूत तासाभरापर्यंत मधूनमधून जाग्या माणसासारख्या लहरी दिसल्या. म्हणजे "बंद" हा शब्दच ढिला आहे, छाती दाबतात तेव्हा थोडं रक्त वर जातंच. शिवाय आठवण नेमकी कधी बनली, जाताना, मधे की येताना, याचं घड्याळ आप्पांकडे कुठून असणार.

उलट्या बाजूनेही डॉक्टर सरळ होते. मिशिगनमध्ये २०१३ साली ९ उंदरांच्या मेंदूत हार्ट बंद पडल्यावर गामा लहरी (जाग्या मेंदूत दिसतात त्या वेगवान लहरी) उसळल्या, २०२३ साली ४ मरणाऱ्या पेशंटांपैकी दोघांमध्ये तसंच दिसलं. पण ते दोघं गेले, त्यांनी काय पाहिलं ते विचारणार कुणाला? मार्गदर्शकांनी मात्र याच उंदरांना आत्म्याचा पुरावा करून टाकलं आणि लगेच ११,००० चं "प्रकाशयात्रा" पॅकेज, आज नाव नोंदवलं तर ९,०००. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई होत्या, नवरा गेलेल्या, त्या पर्समधून पैसे मोजत होत्या. त्यांना मी थांबवलं नाही याचं अजून वाईट वाटतंय.

बाकी किरकोळ : खुर्च्या प्लॅस्टिकच्या, कंबर धरते. फाइलमधल्या झेरॉक्स सगळ्या इंग्रजीत, आप्पांच्या वयाच्या लोकांनी काय करायचं त्यांचं. प्रोजेक्टर दोनदा गेला. चहा मात्र चांगला, आल्याचा. डॉक्टरांचं सत्र वेगळं ठेवलं तर मी परत ६०० देईन. तुम्ही जाणार असाल तर पोहे न खाता साडेअकराला निघा आणि बाहेर मिसळ खा.

निघताना फीडबॅक फॉर्म होता. आप्पांनी लिहिलं, "डॉक्टर उत्तम. पोहे गार. दुसरे गृहस्थ फार बोलतात." आणि पत्त्यात "पंचवटी" मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या.