राइट कॅशिंगच्या दोन चौकटी: कुठली टिक ठेवायची?

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीज उघडून ‘पॉलिसीज’वर गेलात की दोन चौकटी दिसतात. पहिली राइट कॅशिंग चालू करते, दुसरी त्या कॅशचं फ्लशिंग बंद करते. ‘दोन्ही टिक करा, पीसी पळेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण दोन्हींची जोखीम सारखी नाही.

पहिली चालू असली की डिस्क आलेला डेटा आधी स्वतःच्या मेमरीत घेते, ‘झालं’ म्हणते आणि सवडीने लिहिते. मात्र एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) किंवा डेटाबेसने फ्लशचा हुकूम सोडला की तिला सगळं उतरवावंच लागतं. समजा, बिलिंगचा पीसी आहे; बिल सेव्ह झालं, हा भरवसा तिथून येतो. दुसरी टिक केली की विंडोज हा हुकूमच पाठवत नाही. अशात लाइट गेली तर शेवटचं बिल गेलं एवढ्यावर भागत नाही. लिहिण्याचा क्रम मोडून आख्खी डेटाबेस फाइल बिघडू शकते.

मग कॅशिंगच बंद केलं तर? 7200 आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला 120 फेरे मारते. प्रत्येक छोट्या नोंदीसाठी फेराभर थांबायचं, म्हणजे बिलिंग रखडलंच. शिवाय विंडोजची रॅममधली फाइल कॅश वेगळी, ती ही टिक काढल्याने बंद होत नाही. तिच्यातलं डिस्कवर उतरण्याआधी क्रॅश झाला तर कधीकधी फाइलचा आकार बरोबर असतो, पण नोटपॅड++मध्ये उघडली तर मजकुराच्या जागी ओळभर काळे ‘नल नल नल’, म्हणजे रिकामे बाइट! एनटीएफएसचं जर्नल (बदलांची नोंदवही) फाइल सिस्टिमचा हिशेब सांभाळतं, तुमचा मजकूर नाही.

ब्लू स्क्रीन आली तरी डिस्कची वीज चालू असते, त्यामुळे तिच्या कॅशमधलं ती लिहून टाकते. घात होतो तो वीज गेल्यावर. यूपीएस त्यातून वाचवतो, पण एसएमपीएस (पीसीतला पॉवर सप्लाय) उडाला किंवा केबल पायात अडकून निघाली तर त्याचा काय उपयोग? कपॅसिटरवाली सर्व्हर एसएसडी तिथेही तगते. गंमत म्हणजे अशा बहुतेक एसएसडींना फ्लश जड जात नाही, त्यामुळे दुसरी टिक जिथे चालण्यासारखी, तिथे तिचा फायदाही नगण्य.

माझं मत: पहिली चालू, दुसरी बंद, बिलिंगच्या पीसीला यूपीएस. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त असेल तर तो यूपीएस मोडवर आहे ना, ते बघा. नाहीतर लाइट जाताच पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. पेन ड्राइव्हला विंडोज 10च्या 1809 आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ (कॅशिंग बंद, त्यामुळे पटकन काढता येतो) डिफॉल्ट आहे, ते तसंच राहू द्या.