घासाघीस न करणारं गिऱ्हाईक आणि कंटॉर्शनची सुपारी

लग्नसराई तोंडावर आली की कोल्हापुरातल्या कंटॉर्शन (अंग रबरासारखं वाकवून दाखवण्याची कला) आणि कॅबरे करणाऱ्या कलाकारांना एका साच्यातले मेसेज येतात. "कंपनीची पार्टी आहे, उजळाईवाडीकडच्या लॉनवर. रबर गर्लचा एक अ‍ॅक्ट, सात मिनिटं. किती घेता?" तुम्ही २५,००० म्हणा, ३५,००० म्हणा, समोरून लगेच होकार. इथंच थांबा. मंडपाच्या खुर्च्यांचा दरसुद्धा जिथं दोन वेळा पाडून मागतात, तिथं आकडा ऐकून गप्प बसणारं गिऱ्हाईक येतंच कुठून?

खरं गिऱ्हाईक डोकं खातं. टेबल तुमचं का आमचं, गाणं पेनड्राइव्हवर चालेल का, घरातली वडीलधारी मंडळी पुढं बसणार तर कपडे जरा बघून घालाल ना, जेवायला किती जण, सगळं विचारतं. फसवणाऱ्याला यातलं काही नको असतं. त्याला तुमची तारीख, नाव आणि यूपीआयचा नंबर हवा.

मग विसाराची भाषा सुरू होते. "आमच्या अकाउंट्सची पद्धत आहे, आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, आम्ही दहा परत करतो." दहा येतातही. विश्वास बसतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड येतो: "स्कॅन करा, पिन टाका, १२,५०० जमा होतील." पिन टाकला की पैसे जातात. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक बघताना. घ्यायला ना पिन लागतो ना स्कॅन. स्क्रीनवर आकड्याच्या आसपास 'पे' हा शब्द स्पष्ट असतो, पण त्याच वेळी फोनवरचा माणूस अखंड बोलत असतो, तुम्ही तो वाचू नये म्हणूनच. पहिल्यांदा पैसे गेले की "सर्व्हर एरर, परत एकदा करा, दोन्ही एकदम येतील" असं सांगून दुसऱ्यांदा काढतात. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडं यूपीआयवर पैसे मागण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळं आता क्यूआर कोडच पुढं केला जातो.

दुसरा प्रकार उलटा. "१२,५०० च्या जागी चुकून ४२,५०० गेले, ३०,००० परत पाठवा, पोरीची फी भरायची आहे." पुरावा म्हणून बँकेसारखा दिसणारा मेसेज येतो, तो दहा आकडी मोबाईल नंबरावरून. बँकेच्या मेसेजवर पाठवणाऱ्याच्या जागी अक्षरं असतात. मेसेजवर जाऊच नका, बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघा.

सुपारी खरी आहे का, हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे स्टेजवाल्याचा नंबर मागणं. लॉन खरं असेल तर डेकोरेशनवाला असतोच. त्याला स्टेजचं माप विचारा. जमिनीवरच्या अ‍ॅक्टला ८ बाय ८ फूट पुरतं, पण प्लायच्या फळ्यांमध्ये फट आहे का आणि कार्पेट ताणून ठोकणार का, हे कळलं पाहिजे. सुरकुतलेल्या कार्पेटवर तळहात सरकतो आणि हातावरचा तोल मनगटावर कोसळतो. शहर एवढंसं आहे. गाडी काढून लॉनवर जा आणि ऑफिसात त्या तारखेला कुणाचं बुकिंग आहे ते विचारा.

हे झालं अनोळखी चोरांचं. ओळखीचे इव्हेंटवाले जास्त लुटतात आणि त्यांच्याविरुद्ध कुणी बोलत नाही, कारण पुढची सुपारी त्यांच्याकडूनच यायची असते. त्यांच्या फसवणुकीचं मूळ वेळेत आहे. कंटॉर्शनला शरीर तापवायला ४० ते ४५ मिनिटं लागतात: आधी सांधे मोकळे करणं, मग मांड्यांचे मागचे स्नायू, खांदे आणि सगळ्यात शेवटी पाठ. साडेआठचा अ‍ॅक्ट असेल तर कलाकार पावणेआठला सुरुवात करतो. मग नवरदेवाची एन्ट्री लांबते, आमदारसाहेब येतात, सत्कार होतात. एसीच्या खोलीत अर्धा तास बसलं की शरीर थंड पडतं. तशा शरीरानं छातीवर तोल धरून पाय डोक्यावरून पुढं आणले तर कंबर धरते, किंवा मांडीचा मागचा स्नायू बैठकीच्या हाडाजवळ दुखावतो, आणि ते दुखणं महिनोन् महिने पुरतं. कलाकार म्हणतो, "पंधरा मिनिटं द्या, परत तापवतो." तेवढ्यात दहा वाजतात. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद, कायदाच आहे. दुसऱ्या दिवशी इव्हेंटवाल्याचा हिशोब तयार: "शो झालाच नाही, पैसे कसले?"

म्हणून ठरवतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या आणि समोरच्याचा 'ओके' येईपर्यंत तारीख अडवू नका. मजकूर एवढा पुरे: तारीख, लॉनचं नाव, अ‍ॅक्ट किती आणि किती मिनिटांचे, स्टेजवर जायची वेळ. अर्धा विसार बुकिंगला, उरलेले वॉर्मअप सुरू करण्याआधी. ठरलेल्या वेळेला कलाकार तयार असेल, तर आयोजकाच्या उशिरानं शो रद्द झाला तरी पूर्ण बिदागी. 'शोनंतर बघू' हे वाक्य आलं की पैसे बुडाले असं समजायचं. मेकअप उतरवून बाहेर येईपर्यंत इव्हेंटवाला दुसऱ्या लॉनवर पोहोचलेला असतो. अ‍ॅक्टची संख्या लिहिली नाही तर सात मिनिटांच्या पैशात "पाहुणे म्हणतायत, अजून एक होऊ दे" असं म्हणून तीन वेळा वाकवतात.

टीडीएसच्या, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या आयकराच्या, नावाखालीही १० टक्के खाल्ले जातात. खरा टीडीएस कापणारा आधी पॅन मागतो आणि कापलेली रक्कम पुढं आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसते. पॅन न मागता 'टीडीएस गेला' म्हणणाऱ्यानं ते पैसे स्वतःच्याच खिशात घातलेत.

गोव्याच्या कामाला घाट उतरण्याआधी जाण्यायेण्याचं भाडं हातात घ्या, "इथं आल्यावर देतो" चालणार नाही. दुबईच्या कामात व्हिसाची फाईल, मेडिकल, कॉस्च्यूम डिपॉझिट असे हप्ते लावतात आणि शेवटी हातात टुरिस्ट व्हिसा पडतो. त्या व्हिसावर तिकडं काम करणं गुन्हा आहे, पकडला जातो तो कलाकार. परदेशी नोकरी लावणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असतो. त्याला सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी.

ऑडिशनच्या नावानं "घट्ट कपड्यात, अनवाणी, कॅमेरा मागून" अशा फर्माईशीचा व्हिडिओ मागणारा काम देणारा नसतो. काम देणाऱ्याला तुमची नेहमीची रील पुरते. तीही पाठवताना नाव आणि नंबर चित्राच्या मध्यभागी टाका. कोपऱ्यातलं नाव कापून गिऱ्हाइकाला तीच रील दाखवतात आणि शोला दुसऱ्याच मुलीला पाठवतात.

ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. चोराच्या खात्यातून रक्कम काढली गेली की ती गोठवता येत नाही. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर जवळ ठेवा, चॅट पुसू नका, बँकेलाही कळवा. इव्हेंटवाल्यानं बाकी थकवली तर पोलीस बहुतेक वेळा दिवाणी मामला म्हणून परत पाठवतात. तिथं त्याच्याकडून घेतलेला चेक कामाला येतो. चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकावा लागतो. तो परत आला तर बँकेनं तसं कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस, आणि तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. "दोन दिवस थांब, टाकू नको, मी सांगतो" असं इव्हेंटवाला म्हणत राहतो ते हे तीन महिने उलटावेत म्हणूनच.