धुऱ्यावरचा फोटो आणि वावरातली पाहणी

वावरात कोणते पीक उभे आहे, हे पूर्वी तलाठ्याच्या नोंदीवरून ठरत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि त्याच्या आधारे सातबाऱ्यावर पेरा चढतो. पेऱ्यापुरती फोटोची बाजू भक्कम आहे, कारण त्यासोबत अक्षांश-रेखांश जातात आणि चावडीत बसून मागच्या वर्षीचाच पेरा उतरवण्याची सोय (ती कोणाची होती, हे गावाला ठाऊक असते) उरत नाही. तरी कपाशीचा फोटो काढताना मधले तुरीचे तास (ओळ) चौकटीबाहेर राहू शकते.

नुकसान दाखवताना मात्र फोटो तोकडा पडतो. २०१७ साली विदर्भाला हैराण करणारी गुलाबी बोंडअळी लहान असतानाच बोंडात शिरते, मागे छिद्र बुजते आणि आत सरकी पोखरली जात असताना बोंड बाहेरून निरोगी दिसते. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, टिपलेले हिरवेगार वावर अशा वेळी खोटे नसते, पण ते खरेही सांगत नाही. वीस हिरवी बोंडे तोडून ती फोडणारा कृषी सहायक जे पाहतो, ते कॅमेऱ्याला दिसत नाही. अर्थात, तो वावरात उतरला तर. म्हणून पेऱ्यासाठी मी फोटो निवडेन आणि नुकसानीसाठी प्रत्यक्ष पंचनामा, ज्याला फोडलेल्या बोंडांचा फोटो जोडलेला असेल.