४३ इंची ‘4के’ टीव्ही आणि मागचं तिसरं भोक

२४,३०० रुपये. टीव्हीचे २१,५००, भिंतीच्या स्टँडचे ८००, टेम्पोचे ५०० आणि ‘वाढीव वॉरंटी’ म्हणून दिलेल्या एका कार्डाचे १,५००. त्या टीव्हीवरचं नाव एका मोठ्या कंपनीच्या नावासारखंच, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. हसा. घरचे हसून झालेत, आता तुम्ही हसा.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, आणि केळीच्या गाडीचे पैसेही नुकतेच हातात आले होते. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून मुलाने पुण्याहून साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांब स्पीकर) पाठवलेला. एचडीएमआय पोर्ट म्हणजे चित्र-आवाजाची एकच वायर लावायचं टीव्हीमागचं भोक. साउंडबार त्यातल्या ‘एआरसी’ लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या पोर्टलाच लागतो. एक पोर्ट सेट टॉप बॉक्सला, एक मुलगा सुटीत आला की त्याच्या लॅपटॉपला. म्हणजे तीन एचडीएमआय, त्यातलं एक एआरसी. हे सगळं मी वहीच्या कागदावर लिहून नेलं होतं. अडाण्यासारखा गेलो नव्हतो, एवढं तरी लक्षात घ्या.

दुकान जळगावातलं, नाव लिहीत नाही. टीव्ही भिंतीला टांगलेला, पेनड्राइव्हवरचे रंगीत मासे पोहत होते. यूट्यूब लावा म्हटलं तर “नेट स्लो चालून राह्यलं भाऊ.” (दुकानात यूट्यूब लावत नसतील तर तिथूनच परत फिरा. पेनड्राइव्हवरचे मासे कुठल्याही टीव्हीवर छान दिसतात.) तीन पोर्ट आहेत का विचारलं, तर त्याने खोक्यावर बोट ठेवलं. मागची बाजू दाखवा म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, “मांगून काय पाहून राह्यले भाऊ? टीव्ही तर समोरूनच पाहतात ना!”

दुकानातले दोघं-तिघं हसले. आणि मीही हसलो.

ते हसणं अजून रात्री आठवतं. कागद हातात होता माझ्या! टीव्ही हुकावरून उतरवायला दोन मिनिटं लागली असती. पण चार माणसांत आपण चिकट दिसू नये म्हणून मी कागदाची घडी करून खिशात घातली.

दुसरी खूण तर त्याहून मोठी. ‘जीएसटी उतरला म्हणून भाव उतरला’ असं दहा वेळा म्हणणारा माणूस बिल मागितल्यावर म्हणतो, “पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के वर लागतील.” अरे, मग उतरलं काय? मी कच्च्या चिठ्ठीवर राजी झालो. ५,००० फोनवरून दिले, तर स्क्रीनवर दुकानाऐवजी कुणा बाईचं नाव आलं. तिथेही थांबलो नाही. बाकी १९,३०० रोख मोजले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, सणाची गर्दी होती, आणि सोबत शालक होता, तोही काही बोलला नाही. सगळा दोष माझ्या एकट्याच्या माथी मारणाऱ्यांनी हेही ऐकावं.

साउंडबार वाजेना. मला वाटलं तोच खराब, मुलाला दोनदा फोनवर नको ते बोललो.

उघडं पडलं डिसेंबरात. भरीत पार्टी होती, मळ्यात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खाऊन पंधरा माणसं ‘4के’ बघायला घरी आली. भाचा फैजपूरला डिश बसवायचं काम करतो. त्याने टीव्हीच्या मागे हात घातला आणि वायर तिसऱ्या भोकात सारली. अडकलीच नाही, नुसती लोंबत राहिली. मोबाइलचा टॉर्च मारला. झाकणाला भोकं तीन, आतल्या बोर्डावर पोर्ट दोन. तिसऱ्यामागे एक हिरवी पट्टी आणि धूळ. उरलेल्या दोघांपैकी एकावरही एआरसी नाही. मग त्याने यूट्यूबवर 4के व्हिडिओ लावला, तर क्वालिटीची यादी १०८०वरच संपली. “मामा, पॅनेल, म्हणजे पडदा, फुल एचडी आहे. १९२० बाय १०८०. खऱ्या 4केला ३८४० बाय २१६० लागतात, चौपट ठिपके.” ‘4के सपोर्टेड’ या शब्दाला म्हणूनच भुलू नका, फाइल चालते, दिसते कमीच.

बाबा विचारत राहिले, “काय झालं रे?” त्यांना मोठ्याने सांगावं लागलं. पंधरा माणसांत.

मागच्या स्टिकरवर आर आणि आठ आकडे असा नोंदणी नंबर होता. तो नंबर ‘बीआयएस केअर’ या सरकारी मानक संस्थेच्या ॲपमध्ये टाकला, तर दुसऱ्याच कुणाचा मोबाइल चार्जर निघाला. हे दुकानात उभं राहून एका मिनिटात करता येतं. मी घरी केलं, दोन महिन्यांनी.

दुकानदार आधी “माणूस पाठवतो” म्हणाला, मग फोन उचलेना. कार्डावरचा नंबर अस्तित्वातच नाही. पोलीस चौकीत गेलो, तर साहेब म्हणतात, “माल मिळाला ना? चालू आहे ना? मग फसवणूक कसली, हे दिवाणी आहे.” मग एका सरकारी कार्यालयात. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला, दुसऱ्या खेपेला दौऱ्यावर, तिसऱ्या खेपेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर आणि जेवणाची सुटी. चौथ्या खेपेला साहेब भेटले. चश्मा कपाळावर चढवून म्हणाले, “पक्कं बिल जोडा.” म्हणजे ज्याने बिल दिलं नाही, त्याची तक्रार करायला त्यानेच दिलेलं बिल हवं! एसटीने चार खेपा, चार दिवस मजूर माझ्याविना केळीत, आणि हे उत्तर. हे लोक कुणासाठी बसलेत तिथे?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो, मुदत दोन वर्षं. हे मला कुठल्याही टेबलावर कोणी सांगितलं नाही, भाच्याच्या ओळखीच्या वकिलाने चहावर सांगितलं.

आता दाव्याचा कागद तयार करतोय. पाच हजारांची फोनवरची नोंद आहे, कच्ची चिठ्ठी आहे, तिसऱ्या भोकाचा फोटो आहे. वकिलाने विचारलं, “4के आणि तीन एचडीएमआय हे लेखी कुठे आहे?”

खोक्यावर होतं. खोका आम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला दिला. २० रुपयांना.