पहिल्या पावसावर पेरावं की ओल खोल जाईपर्यंत थांबावं?

लवकर पेरलं तर पावसाच्या खंडात रोपं जाण्याची भीती, उशिरा पेरलं तर दाणे भरताना ओल संपण्याची. कोरडवाहू तेलबियांत यातली कुठली भीती महाग पडेल, ते पिकावर अवलंबून.

सोयाबीनसाठी माझा कौल थांबण्याला. उगवताना हे बियाणं स्वतःच्या वजनाच्या निम्मं पाणी शोषतं. वरचा थरच भिजलेला असेल तर मोड येतो आणि करपतो. त्यात साल नाजूक, उगवणशक्ती लवकर घटणारी. दुबार पेरणीला तसंच चांगलं बियाणं हाती असेल याची खात्री नाही. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे माती ओली पण चिखल न होणारी झाली, की पेरावं. फार लांबलं तर मात्र दिवस लहान होत गेल्यामुळे पीक कमी वयात फुलतं, झाडं बुटकी राहतात. अशा वेळी ओळी जवळ घ्याव्यात.

भुईमुगाला इतकं थांबणं परवडत नाही. आऱ्या (फुलानंतर खाली वाढणारे, टोकाला शेंग धरणारे देठ) जमिनीत शिरताना वरची माती ओली लागते. शेवटी ताण पडला तर शेंगा पोचट राहतात, अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका वाढतो आणि काढणीला जमीन कडक होते. पुरेशी ओल मिळताच पेरणी आणि लवकर येणारं वाण, ही जोडी बरी.

करडईचं गणितच निराळं. ती रब्बीत, पावसाळ्यात साठलेल्या ओलीवर वाढते आणि सोटमूळ खोल नेते. इथे थांबणं म्हणजे वरची ओल उडू देणं, शिवाय उशिराच्या पिकावर मावा ही कीड जास्त. सूर्यफुलाला दिवसमानाची फारशी अडचण नसते. फुलोरा झडीत सापडू नये, कारण मधमाश्या फिरकत नाहीत. तिळाला पाणी साचलेलं चालत नाही, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

तारखा तोलताना सरासरी पावसावर विसंबू नका. २०-३० वर्षांच्या रोजच्या नोंदी घ्या आणि प्रत्येक तारखेसमोर किती वर्षं फसवी सुरुवात झाली, म्हणजे पाऊस पडून मग दडी मारली, ते मोजा. पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यासाठी कृषिहवामान शास्त्रज्ञ शिवकुमार यांनी १९८८ मध्ये वापरलेली पावसाच्या खऱ्या सुरुवातीची कसोटी सोपी आहे: ३ दिवसांत किमान २० मिमी पाऊस आणि पुढच्या ३० दिवसांत ७ दिवसांहून मोठा खंड नाही. यातला दुसरा भाग पेरणीच्या सकाळी कुणालाच कळत नसतो. म्हणून ती जुन्या नोंदी तपासायलाच वापरावी. मग त्याच तारखेपासून फुलोरा आणि दाणे भरण्याचे दिवस मोजून तेव्हाचे खंडही पाहा. हलक्या जमिनीत मी ७ दिवसांचीच मर्यादा ठेवीन, भारी जमिनीत ती थोडी सैल करीन.